दादाचं इंजिन ऐकायला भिलाईला

आमच्या घरात चार वर्षं भिलाईचं नाव कोणी घेत नव्हतं, आणि तरी भिलाईची पत्रं महिन्याला दोन यायची. ती माझ्या नावाने यायची. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आम्ही नागभीडला राहत होतो, आणि पत्रं लिहायचा माझा मोठा भाऊ वसंतदादा. पत्रात खुशालीची एक ओळ, बाकी सगळे प्रश्न. 'कुसुम, बाबांना विचार, सत्तावीस नंबरच्या चिमणीची टोपी तांब्याची होती की पितळेची?' 'बाबांना विचार, वाळूच्या डब्याचं झाकण कोणत्या बाजूने उघडायचं?'

सत्तावीस नंबर म्हणजे बाबांचं इंजिन. बाबा रेल्वेच्या छोट्या लाइनचे, म्हणजे नॅरोगेजचे, ड्रायव्हर होते, आणि त्या काळी आमच्याकडे एका ड्रायव्हरला एकच इंजिन असायचं, वर्षानुवर्षं तेच. मी पत्र मोठ्याने वाचायचे. बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "तांब्याची. सांग त्याले." एवढंच. स्वतः कधी दोन ओळी लिहिल्या असतील तर शपथ.

त्या दोघांचं भांडण कळायला इंजिनांच्या शेडमधली एक रीत माहीत पाहिजे. फेरी संपली की ड्रायव्हर शेडमध्ये येऊन दुरुस्तीच्या वहीत इंजिनाच्या तक्रारी लिहायचा, आणि फिटर त्या वाचून कामाला लागायचे. दादा त्याच शेडमध्ये फिटरचं काम शिकत होता. त्याने एकदा सत्तावीस नंबरचे व्हॉल्व बसवले आणि इंजिन लंगडायला लागलं. वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके देतं, चारही सारखे पडले पाहिजेत. हिचा तिसरा ठोका जड पडायचा. बाबांनी वहीत लिहिलं, 'इंजिन लंगडते. व्हॉल्व बरोबर बसवले नाहीत.' दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशीही तेच, वर फिटरचं नाव. दादाचं नोकरीत पक्कं होणं लांबलं. सगळ्या शेडसमोर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आई म्हणाली, "पोरगा हाय जी तुमचा. घरी सांगाचं होतं त्याले."

"वहीत खरंच लिहा लागते," बाबा म्हणाले. विषय संपला.

आठ दिवसांनी दादा ट्रंक घेऊन भिलाईला गेला. तिथे स्टीलचा प्लांट उभा राहत होता आणि हातात कसब असलेल्या पोरांना काम मिळत होतं. जाताना तो आईच्या पाया पडला. बाबांच्या नाही पडला.

मग बाबा निवृत्त झाले. पुढच्या धानकापणीनंतर पत्र आलं, त्यात एकही प्रश्न नव्हता. 'सत्तावीस नंबर तयार झाली. खरीच्या चौथा हिस्सा आहे, पण कोळसा खाते, पाणी पिते आणि वाफेवर चालते. पहिल्यांदा बाबांनी पेटवावी. ते नाही आले तर मी पेटवणार नाही.'

"मी कशाले जाऊ?" बाबा दोन दिवस हेच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी मी पाहते तर रेल्वेच्या पासचा अर्ज भरून ठेवलेला. आईने यायला साफ नकार दिला. "मी आली तर दोघंही माह्यासंगंच बोलतीन. कुसुमले न्या," ती म्हणाली. माझी माय शाळेत गेली नव्हती, पण हिशोब तिचा पक्का असायचा.

तर ही आमची सहल. साठ साल उलटून दोनेक वर्षं झालेली, कडाक्याची थंडी, सोबत पोळ्या आणि जवसाची चटणी.

पहिला दिवस: नागभीड ते पावर हाउस

सकाळची छोटी गाडी गोंदियाला दुपारी पोचवायची. हा प्रवास आता तसा करता यायचा नाही, लाइन मोठी झाली. पण वडसा यायच्या आधी वैनगंगेचा पूल आजही बघा, झोपून राहू नका. आमच्या वेळी त्या पुलावर गाडी इतकी हळू जायची की खाली वाळूत टरबुजाच्या वाड्या लावणारी माणसं मोजता यायची.

त्या दिवशी गाडीला इंजिन लागलं होतं ते नेमकं सत्तावीस नंबर. मला केवढा आनंद. म्हटलं, शुभशकुन झाला, बाबा आता खुलतील. बाबांनी डब्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते अर्जुनीपर्यंत आत घेतलं नाही. धूर डोळ्यांत जात होता, कोळशाचे कण टोपीवर पडत होते. मी पोळी पुढे केली तर नको म्हणाले. स्वतःच्या इंजिनामागे प्रवासी होऊन बसायची सवय नसेल, असं मी धरून चालले. गोंदियाला उतरल्यावर ते इंजिनाजवळ जातील, नव्या ड्रायव्हरशी बोलतील, असंही वाटलं होतं. ते उलट्या दिशेने चालायला लागले.

गोंदियाला आलूपोहा खा, हा माझा सल्ला साठ वर्षांत बदललेला नाही. वर तर्री घ्या, आणि ती झेपत नसेल तर निमूट नुसते पोहे खा, नाटकं करू नका. बाबांनी तेवढं मात्र खाल्लं.

तिथून मोठ्या लाइनची पॅसेंजर. सालेकसा सोडलं की जंगल आणि बोगदा, मग डोंगरगड. डोंगरावरचं देऊळ दिसलं की सगळा डबा हात जोडतो. बाबांनीही जोडले. मी विचारलं, "काय मागितलं?" ते म्हणाले, "गप बस." म्हणजे काहीतरी मागितलं होतं.

पावर हाउसला, भिलाईच्या स्टेशनावर, उतरलो तेव्हा नुकता अंधार पडत होता. सामानाची पोती, ट्रकांची लाल धूळ, तेलुगू, बंगाली, पंजाबी, सगळ्या बोलींचा एकच गलका, आणि पलीकडे आकाश तांबडं झालेलं. मी घाबरून विचारलं, आग लागली का? हमाल हसला. भट्टीचा उजेड आहे, रोजचाच, म्हणाला.

दादा फलाटावर उभा होता. वाळला होता आणि मिशी ठेवली होती. तो वाकला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार त्याले, घर किती दूर हाय."

तो हातभर अंतरावर होता हो. मी विचारलं. दादा मला म्हणाला, "सांग बाबाले, रिक्षानं जाऊ."

रिक्षावाला छत्तीसगढी म्हातारा. "कोन सेक्टर जाहू, बबा?" त्याने थेट बाबांनाच विचारलं, आणि चार तासांत पहिल्यांदा बाबांनी कोणाला तरी सरळ उत्तर दिलं. सेक्टर माहीत नव्हता तरी दिलं.

दुसरा दिवस: क्वार्टर, कुरुद आणि ताडपत्री

दादाचं क्वार्टर दोन खोल्यांचं, अजून चुन्याचा वास येणारं. शांतावहिनी भंडाऱ्याकडची, बोलायला फटकळ आणि हाताला चव. लाखोळीचं वरण, भात, अंबाडीची भाजी. शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी तांदळाच्या पिठाचा फरा पाठवला होता. कोणी तुम्हाला फरा दिला तर तो गरम असतानाच खा.

त्या दोन खोल्यांत मी डाकिया झाले. "विचार त्याले, टाकीत पाणी कोणतं भरते." "सांग बाबाले, गाळून भरतो." "विचार त्याले, बॉयलरची परीक्षा केली का." "सांग बाबाले, दुप्पट दाबावर पाणी भरून केली, एक थेंब गळला नाही." वहिनी तव्याजवळून म्हणाली, "कुसुमताई, तुमी घसा शेकून घ्या. मी या दोघायले तिकीट लावीन बोलाले."

दादा सकाळच्या पाळीला गेला, तेव्हा बाबा आणि मी कुरुदच्या दिशेने पायी निघालो. तेव्हा कुरुद गाव होतं. कापलेल्या धानाचे बुंधे, तळं, तळ्यात म्हशी, आणि पाठ फिरवली की चिमण्या आणि क्रेन. एकीकडे खळ्यात मळणी चाललेली आणि दुसरीकडे प्लांटमधलं मोठं इंजिन डबे ढकलतंय. बाबा बांधावर थांबून ते ऐकत राहिले. मी म्हटलं, "बाबा, दादा एवढं म्हणतो तर दोन शब्द बोला ना." ते म्हणाले, "बोलीन. आधी गाडी ऐकू दे." बघू दे नाही, ऐकू दे. मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी दादाने क्वार्टरमागच्या मैदानात ताडपत्री काढली.

काय सांगू. मागचा कोळशा-पाण्याचा डबा, म्हणजे टेंडर, धरून नऊ फूट लांब, चिमणी माझ्या कमरेपर्यंत. आठ चाकं जोडलेली, त्यांचे दांडे, वाळूचा डबा, पायरी, सगळं तेच, फक्त दुरून पाहिल्यासारखं लहान. चिमणीला तांब्याची टोपी. दादाने दोन वर्षं पाळी संपल्यावर प्लांटच्या वर्कशॉपमध्ये थांबून, साहेबांची परवानगी घेऊन, भंगारातले तुकडे चिठ्ठीवर सोडवून एकेक भाग घडवला होता. दाबाचं घड्याळ प्लांटवरच्या एका रशियन साहेबाने दिलं होतं. "अर्धा संसार या पत्र्यात गेला," वहिनी म्हणाली, पण पितळ तिनेच चिंच लावून चमकवलं होतं.

बाबांनी कोटाच्या खिशातून कॉटन वेस्टचा, इंजिन पुसायच्या सुती दोऱ्यांचा, बोळा काढला. निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी तो खिशात होता. त्यांनी इंजिन पुढून मागेपर्यंत पुसलं, जिथे पुसायला काहीच नव्हतं तिथेही. प्रत्येक नटावर बोट फिरवलं. उजव्या बाजूच्या व्हॉल्वच्या दांड्यापाशी त्यांचा हात थांबला. मला रडायला येत होतं, कारण नसताना. बाबा म्हणाले, "सांग त्याले, उद्या सकाळी पेटवू."

तिसरा दिवस: रविवार

दादाने मुरुमावर साठ पावलांचा रूळ टाकला होता, लोखंडी पट्ट्यांचा, खाली सागाच्या तुकड्यांचे स्लीपर. नऊ वाजेपर्यंत सेक्टरमधली निम्मी माणसं जमली. रशियन साहेब बायकोला घेऊन आले. त्यांना हिंदीतले पाचसहा शब्द येत असतील. बाबांकडे बोट दाखवून ते दादाला म्हणाले, "पापा? ड्रायवर?" दादा म्हणाला, "हां साहब. बहुत बडा ड्रायवर." बाबांनी ते ऐकलं. मी बघत होते ना.

बाबा धोतर खोचून बसले. सुपारीएवढ्या कोळशाचे खडे, हातभर फावडं. एकदम नाही टाकायचा, थोडा थोडा, सगळीकडे पसरून. चाळीस मिनिटांनी घड्याळाचा काटा हलला. ऐंशीवर सेफ्टी व्हॉल्व फुसफुसला तसे शेजारचे लोक मागे सरले, शेळ्या पळाल्या. बाबांनी शिट्टी ओढली आणि मी दचकले. लहान इंजिनाची शिट्टी किरटी वाजते म्हणतात. दादाने ती लांब नळीची करून पायरीखाली लपवली होती. आवाज भरदार, थेट सत्तावीस नंबरचा. नागभीडला रात्री आई तो ऐकून भात टाकायची.

"शिट्टी बरोबर हाय," बाबा म्हणाले. सांग त्याले म्हणायला विसरले. दादाचे डोळे चमकले.

ते टेंडरमागच्या छोट्या ढकलगाडीवर बसले, दोन्ही पाय बाजूच्या पट्टीवर, आणि वाफ सोडली. गाडी हलली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. घड्याळ लावावं इतके सारखे ठोके. माणसांनी टाळ्या वाजवल्या. रशियन साहेब 'अच्छा, अच्छा' करत सोबत पळत होते. दादा रुळाच्या कडेला मान कलती करून नुसता ऐकत होता. चार वर्षं तो या चार ठोक्यांसाठी जगला होता, हे कोणी न सांगता मला कळलं. बाबांना दाखवायचं होतं त्याला की बघा, मला व्हॉल्व बसवता येतात.

बाबा शेवटपर्यंत गेले, परत आले, वाफ बंद केली, ब्रेक लावला. उतरले तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"हे सत्तावीस नंबर नाही," ते म्हणाले आणि घरात निघून गेले.

माझ्या बापाचा मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. दादा इंजिनापाशी मटकन बसला. लोकांना काय झालं कळेना, ते पांगले. वहिनी पदराने हात पुसत म्हणाली, "मानसं हायत का दगड?" दादाने विस्तव काढला, पाणी सोडलं, सगळं नेमाने केलं. मग हात धुऊन घरात गेला, कपाटातून एक कोरी वही काढली, पेन्सिल काढली आणि खाटेवर बसलेल्या बाबांपुढे ठेवली.

"लिहा," तो म्हणाला. चार वर्षांनंतर बापाशी सरळ बोललेला हा पहिला शब्द. "काय चुकलं ते लिहा. तुमाले वहीतच लिहिता येते नं? लिहा."

बाबांनी वही घेतली. मग खाली मान घालून एक ओळ लिहिली आणि वही दादाकडे न देता माझ्याकडे दिली. मी वाचली. मग मोठ्याने वाचली.

'इंजिन लंगडत नाही.'

दादा म्हणाला, "म्हणजे?"

आणि मग बाबा बोलले, जमिनीकडे बघत, पण बोलले त्याच्याशी. "तू गेला त्या दिवशी दुसरा फिटर आला व्हॉल्व बसवाले. म्या म्हटलं, राहू दे. पुन्हा आला, म्हटलं राहू दे. साडेतीन वर्षं चालवली तशीच. वहीत रोज लिहिलं, सर्व ठीक. रोज खोटं लिहिलं, वसंता. तिसरा ठोका पडला का म्हणो, हा माह्या पोराचा हात. घरी तर तू नव्हता. म्या रिटायर झालो अन् नव्या ड्रायव्हरनं दुरुस्त करून घेतली. परवा येताना आयकलं मी, सरळ चालून राहिली. अर्जुनीपर्यंत आयकत होतो, एकदा तरी लंगडन. म्हटलं जाऊ दे, वसंताच्या हातानं केलेली हाय, तिच्यात तरी तो ठोका असन."

वहिनी आतल्या खोलीत गेली आणि तिथे रडली. मी तिथेच रडले.

दादा म्हणाला, "बाबा, मले वाटलं तुमाले सरळ पाहिजे."

"पाहिजेच होती. तवा."

"अर्ध्या फेऱ्याचं काम हाय," दादा हळूच म्हणाला. "व्हॉल्वच्या दांड्याचा नट अर्धा फेरा फिरवला का लंगडते." तो उठेल असं मला वाटलं. बाबांनाही वाटलं, त्यांनी मान वर केली. दादा उठला नाही. "पन मी नाई फिरवनार, बाबा. हा हात सरळ व्हाले मले चार वर्षं लागले."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "नको फिरवू," ते म्हणाले. "चांगली बसवली." आणि मग, शेडमध्ये एखाद्या मिस्त्रीला म्हणावं तसं, "एक नंबर काम हाय."

संध्याकाळी त्यांनी पुन्हा पेटवली. या वेळी बाबा मागे बसले आणि दादाने चालवली. मी मधे नव्हते, कोणाला माझी गरज नव्हती.

परत

मंगळवारी निघालो. दादा पुन्हा वाकला आणि बाबांनी डोक्यावर हात ठेवला, गाडी सुटेपर्यंत काढला नाही, मला ओढून आत घ्यावं लागलं त्यांना. घरी आईने दारातच विचारलं, "बोलले का?"

"बोललो."

"काय?"

"इंजिनाचं."

"बरं," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

त्यानंतर पत्रं बाबांच्या नावाने यायला लागली आणि मला ती उघडायची बंदी झाली. बाबा दर हिवाळ्यात भिलाईला जात. रविवारी दादा इंजिन पेटवी, बाबा खुर्ची टाकून बसत, डोळे मिटून. लोकांना वाटायचं म्हातारा सुखात डुलतोय. मला माहीत होतं ते कशाची वाट बघतायत. मागितलं त्यांनी कधीच नाही. दादाने दिलं नाही. दोघांचंही बरोबर होतं, हीच मोठी पंचाईत. अशी नऊ वर्षं गेली, आणि एका पावसाळ्यात बाबा गेले.

तुम्ही भिलाईला जाणार असाल तर जा. झाडी आता दाट झाली आहे, कुरुदला घरं झाली, पावर हाउसच्या बाजारात आजही काय हवं ते मिळतं. मी मागच्या हिवाळ्यात गेले होते. दादाने पंच्याऐंशी ओलांडली, हात थरथरतात, वहिनी आता नाही. इंजिन ताडपत्रीखाली असतं, वर्षातून एकदा नातवंडं पेटवतात. ती माझ्याशी हिंदीत बोलतात, चालायचंच.

आम्ही दोघं तिथे ऊन खात बसलो होतो. दादा एकदम म्हणाला, "कुसुम, बाबा गेले त्याच्या तेराव्यानंतर मी इथं येऊन तो नट फिरवला होता. अर्धा फेरा. पेटवली, चालवली. येकदम तशीच लंगडली, तिसऱ्या ठोक्याले."

"मग?" मी विचारलं. "हे कधी सांगितलं नाहीस मला."

"मग काय," दादा म्हणाला. "खुर्ची रिकामी होती. सरळ करून टाकली पुन्हा."